शंका असल्यास

पत्रकाच्या शेवटच्या ओळीत
‘शंका असल्यास संपर्क साधावा’
असं छापलंय, आणि पुढे जो नंबर आहे
तो माझा.

म्हणून रात्री पावणेअकराला
सेक्टर सातमधल्या कुणी शर्वाणी गुप्ते विचारतात,
करवंटी ओली की सुकी?
खोबरं ओलं, मी सांगते. शेंडी सुकी.
करवंटी…
पलीकडे फ्रिजची घरघर ऐकू येते.
अर्धी वाटी हातात धरून
बाई दोन डब्यांच्या मधे उभ्या असणार.

कंत्राटावर घेतलं त्याला दोन वर्षं झाली.
वॉर्ड ऑफिसने दिलं हिरवं जाकीट, ओळखपत्र,
आणि हसणाऱ्या सफरचंदाचं चित्र असलेला फ्लेक्स.
सफरचंद!
मी ज्या गल्लीत तो उलगडते
तिथल्या कचऱ्यात निघतात
कोलंबीची सालं, बोंबलांची डोकी,
चघळलेल्या शेवग्याच्या शेंगा, चहाचा गाळ,
आणि डायपरच्या पिशवीतच कोंबलेली
परवाची भाकरी.

नियम मला पाठ आहेत.
हिरवा डबा, निळा डबा, लाल खूण केलेली पुडी,
मोठ्या सोसायटीने खत आवारातच करायचं.
कोपरखैरण्यात मीटिंगला
सेक्रेटरी दुष्यंत कर्णिक उभे राहिले:
आम्ही करू हो वेगळं,
पण खाली तुमची गाडी सगळं एकच करते.
टाळ्या पडल्या.
जाकीट नसतं तर मीही वाजवल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे
मुनीरच्या शेजारी बसून तुर्भ्यापर्यंत गेले.
गाडीत मधोमध पत्रा होता,
होता,
पण तळाशी वाकलेला, पंजाभर फट.
ओल्याचं पाणी तिथून
सुक्यातल्या कुणाच्या तरी भूगोलाच्या वहीपर्यंत पोचलं होतं.
‘चार वेळा लिहून दिलंय,’ मुनीर म्हणाला.
मी पाचव्यांदा लिहिलं.
आणि कर्णिकांना जाऊन सांगितलं,
तुमचं निम्मं खरं आहे.
निम्मं खरं ऐकायला अकराच जण आले.
टाळ्या नाहीत.
पण पुढच्या आठवड्यात बी विंगच्या जिन्याखाली
एकाच्या जागी दोन डबे दिसले,
झाकणांची अदलाबदल झालेली.

घणसोली गावात मात्र
हिराबाई मढवींनी फ्लेक्स उलटा केला,
मागची कोरी बाजू निरखली, म्हणाल्या,
‘यावर मिरच्या बऱ्या सुकतील.’
मग मनगटाला धरून मला मागे नेलं.
दोन बिल्डिंगांच्या फटीत, गटाराच्या अलीकडे,
फुटक्या टाकीत त्यांचा उकिरडा.
वर सुका पाला, पाल्यावर गोणपाट.
‘घाल हात.’
मी घातला, बांगड्यांपर्यंत.
आत ऊब होती,
ताप उतरू लागलेल्या पोराच्या काखेत असते तशी.
‘यां समदी भाताची शेतां व्हती.
चाळीस दिवस का बेचाळीस, मना नाय ठावं.
ऊब गेली का झाला.’

फ्लेक्सवर चाळीस दिवस लिहिलंय,
तेही ठळक अक्षरात.
ऊब हा शब्द कुठेच नाही.

मासिक अहवालात रकाने असतात:
भेट दिलेली घरं, वाटलेली पत्रकं,
जागृत झालेल्या व्यक्ती.
गेल्या महिन्यात तीनशे बारा व्यक्ती जागृत झाल्या.
त्यात स्वतःला धरायचं का,
हे साहेबांना विचारायचं राहून गेलं.
हाताला दोन दिवस वास येत होता.
वाईट नव्हता.

आणि शर्वाणीताई,
करवंटीचं उत्तर वरून अजून आलेलं नाही.
एका परिपत्रकात ती सुकी आहे,
दुसऱ्यात तिचं नावच नाही.
तोवर ती खिडकीत ठेवा.
तळाला भोक पाडा, माती भरा,
मूठभर धणे जरा रगडून टाका.
धणे रुजले नाहीत तर
नंबर तुमच्याकडे आहेच.
अकरापर्यंत मी जागी असते.